घाम बाहेर कसा जाणार? सायकलच्या रेनजॅकेटचा दोनशे वर्षांचा इतिहास

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच ज्युनियर विचारतात, "टॉपिक कसा सापडतो?" मी त्यांना सांगतो, घरातली एखादी साधी वस्तू घ्या आणि तिच्यावर छापलेल्या आकड्याचा मागोवा घ्या. आज मी सायकल चालवताना घालायचं रेनजॅकेट घेतोय. त्याच्या टॅगवर साधारण असं लिहिलेलं असतं: वॉटरप्रूफ २०,००० मिमी, ब्रिदेबल २०,००० ग्रॅम. शेजारी पाण्याचा टपोरा थेंब आणि आतून बाहेर जाणारे बाण. दुकानदार सांगतो, "छिद्रं इतकी बारीक आहेत की पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते." हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ज्यांना माहीत नसतं ते दहा-बारा हजारांचं जॅकेट घेतात, ते न धुता दोन पावसाळे वापरतात आणि मग "गळायला लागलं" म्हणून टाकून देतात.

सुरुवात ग्लासगोपासून करू. गॅसच्या दिव्यांसाठी कोळसा भाजला की डांबर उरायचं, आणि त्या डांबरातून नॅफ्था निघायचा. चार्ल्स मॅकिंटॉशने या नॅफ्थात रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये लावलं आणि १८२३ मध्ये पेटंट घेतलं. इंग्रजीत रेनकोटला अजूनही 'मॅकिंटॉश' म्हणतात ते त्याच्या नावावरून. पण नॅफ्थात रबर विरघळतं हे एडिंबरोच्या जेम्स साइम नावाच्या विद्यार्थ्याने १८१८ मध्येच छापून ठेवलं होतं. तेव्हा तो अजून विशीतही नव्हता. त्याने पेटंट घेतलं नाही. पुढे तो नामांकित शल्यचिकित्सक झाला, जोसेफ लिस्टरचा सासरा झाला, आणि कोटाला नाव लागलं ते दुसऱ्याचं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो वेगळ्या रूपात परत येणार आहे.

मॅकिंटॉशचा कोट थंडीत कडक व्हायचा, उन्हात चिकट व्हायचा आणि त्याला वासही यायचा. हे तिन्ही दोष पुढे व्हल्कनायझेशनने बरेच कमी झाले. चौथा दोष मात्र राहिला. रबरातून पाणी आत येत नाही, तसंच बाहेरही जात नाही. आपल्याकडे ज्यांच्या लहानपणी डकबॅकचा रेनकोट होता, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शाळेत पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि तो पावसाने नव्हे.

सायकलवर हा दोष कितीतरी वाढतो. थोडं गणित करू. पॅडलवर १५० वॅटचं काम करायचं असेल तर शरीर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता निर्माण करतं. धरून चालू ५०० वॅट. एक ग्रॅम घाम वाळताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता नेतो. म्हणजे ही सगळी उष्णता घामावाटेच बाहेर घालवायची तर तासाला सुमारे ७५० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. पाऊण लिटर! चालणाऱ्या माणसाचा रेनकोट आणि सायकलवाल्याचा रेनकोट एक असू शकत नाही, याचं कारण एवढंच.

ब्रिटनमधल्या जुन्या सायकलस्वारांनी यावर रसायन न वापरता उपाय काढला होता, तो म्हणजे केप. खांद्यावरून सोडलेली, पुढे हँडलवर पसरलेली आणि खालून पूर्ण उघडी झूल. आतल्या पट्ट्यांत अंगठे अडकवायचे म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही. कापड श्वास घेत नसलं तरी खालून हवा खेळती राहते. कोकणात आणि मावळात भातलावणी करताना पाठीवर घ्यायचं इरलं याच तत्त्वावर चालतं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते छप्पर पाठ झाकतं आणि पुढून मोकळं असतं. वाकून कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला पाऊस आणि घाम या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो, आणि इरलं बनवणाऱ्यांनी तो केला होता. फक्त त्याला कुणी 'ब्रिदेबल' म्हटलं नाही. केपची अडचण वेगळीच आहे. समोरून वारा आला की तिचं शीड होतं. वेगात जायचं असेल तर अंगाबरोबर बसणारं जॅकेटच लागतं, आणि अंगाबरोबर बसलं की खेळती हवा गेली.

मधला एक टप्पा थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकच्या गार पाण्यात पडणाऱ्या वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने व्हेंटाइल नावाचं कापड बनवलं. लांब धाग्याचा कापूस, अतिशय घट्ट विणलेला. भिजला की धागे फुगतात आणि विणीतल्या फटी आपोआप बंद होतात. कल्पना फार सुंदर आहे. पण भिजल्यावर हे कापड जड आणि ताठ होतं, त्यामुळे सायकलसाठी ते कधीच लोकप्रिय झालं नाही.

आता मुख्य पात्र. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपॉन्ट कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेटला टेट्राफ्लुओरोएथिलीन वायूच्या सिलिंडरमधून वायू येईना. वजन तर भरलेल्या सिलिंडरचंच होतं. शेवटी सिलिंडर कापला, तर आत पांढरी भुकटी. हे पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन. पुढे ड्यूपॉन्टमधल्या बिल गोरने नोकरी सोडून १९५८ मध्ये घराच्या तळघरात स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचा माल होता टेफ्लॉनचं आवरण असलेल्या विजेच्या तारा. त्याचा मुलगा बॉब गोर ऑक्टोबर १९६९ मध्ये तापवलेल्या पीटीएफईच्या कांड्या ताणून पाहत होता. हळू ताणल्या की तुटायच्या. वैतागून एक कांडी त्याने झटक्यात ओढली, आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली, जाडी मात्र फारशी कमी झाली नाही. म्हणजे आत हवा शिरली होती. अशा ताणलेल्या पीटीएफईत साधारण ७० टक्के हवा असू शकते. गोर-टेक्सचा जन्म तो हा.

ही गोष्ट 'योगायोगाने लागलेला शोध' म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगणं पटत नाही. बॉब गोरची केमिकल इंजिनिअरिंगमधली पीएचडी १९६३ चीच होती. कांडी झटक्यात ओढणारे पुष्कळ असतील, पण ती लांब होऊनही जाडी टिकली याचा अर्थ काय, हे त्याच क्षणी ओळखायला तयारी लागते.

आणि तो पहिला होता का? जपानच्या सुमितोमोचं ताणलेल्या पीटीएफईवरचं पेटंट आधीच होतं. न्यूझीलंडमध्ये जॉन क्रॉपर नावाच्या माणसाने १९६६ मध्येच पीटीएफईची पट्टी झटपट ताणणारं यंत्र बनवलं होतं. नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्यावर निघायची. त्याने ते यंत्र एका अमेरिकन कंपनीला विकलं, पण रीत गुप्त ठेवण्याच्या अटीवर. पुढे गोरने गारलॉक कंपनीवर दावा लावला तेव्हा हे सगळं कोर्टात बाहेर आलं. खालच्या कोर्टाने गोरचं पेटंट रद्द ठरवलं. १९८३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल बराचसा फिरवला. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं होतं: ज्याने शोध लपवून ठेवला आणि लोकांना फक्त माल विकला, त्याच्यापेक्षा ज्याने तो लवकर उघड केला त्याची बाजू कायदा घेतो. आता साइम आठवा. साइमने उघड केलं पण हक्क मागितला नाही, क्रॉपरने वापरलं पण उघड केलं नाही, गोरने दोन्ही केलं. सिनॉप्सिसमध्ये "अमुक यांनी सर्वप्रथम शोधून काढले" हे वाक्य लिहिताना हात थोडा आखडता घ्या. 'सर्वप्रथम' म्हणजे सर्वप्रथम केलं, छापलं, की नोंदवलं?

तरी खरी गंमत अजून पुढेच आहे. बहुतेक लेख बॉब गोरच्या त्या झटक्यापाशी थांबतात आणि १९७६ च्या पेटंटचा उल्लेख करून जॅकेटकडे वळतात. माझ्या मते जॅकेटचा इतिहास समजून घ्यायचा तर १९८० चं दुसरं पेटंट वाचायला हवं. बॉब गोर आणि सॅम्युअल ॲलन यांच्या नावावर ते आहे. त्याची गरज का पडली हे बघा.

बारीक छिद्रांतून पाणी का शिरत नाही? छिद्र लहान आहे म्हणून नाही, निदान तेवढ्यामुळे नाही. टिपकागदाची छिद्रंही बारीकच असतात, आणि तो पाणी ओढून घेतो. फरक पृष्ठभागाचा असतो. गुळगुळीत पीटीएफईवर पाण्याचा थेंब ठेवला तर त्याचा स्पर्शकोन साधारण ११० अंश असतो. कोन ९० च्या वर असला की पाण्याला छिद्रात ढकलावं लागतं. लाप्लासचं सूत्र वापरून अर्ध्या मायक्रॉनच्या छिद्रासाठी हा दाब काढला तर तो येतो सुमारे दोन लाख पास्कल, म्हणजे २० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. टॅगवरचे २०,००० मिमी म्हणजे नेमके हेच २० मीटर. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता त्याच पृष्ठभागावर घामातलं तेल, सनस्क्रीन, साबणाचा अंश बसला असं समजा. स्पर्शकोन उतरत उतरत ९० च्या खाली गेला की तो दोन लाखांचा दाब शून्य होतो. छिद्र तेवढंच आहे, मेंब्रेन फाटलेलं नाही, पण पाणी आपसूक आत ओढलं जातं. पहिल्या पिढीच्या गोर-टेक्स कपड्यांचं हेच दुखणं होतं. मानेपाशी, खांद्यापाशी, म्हणजे जिथे अंगाचं तेल लागतं तिथे ते पाझरायला लागले. दुसऱ्या पेटंटने उपाय दिला: सच्छिद्र पीटीएफईच्या आतल्या बाजूला पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचा, पॉलियुरेथेन जातीचा, एक सलग थर. त्याला छिद्रंच नाहीत. तेल मेंब्रेनपर्यंत पोचत नाही. घामाचे रेणू या थरात विरघळतात, त्यातून सरकतात आणि पलीकडे वाफ होऊन निघतात.

थोडक्यात, 'छिद्रातून वाफ जाते' ही जाहिरात ज्या मालाची, त्या मालात १९८० च्या आसपासच बिनछिद्री भिंत आली. गळती थांबली, पण घाम जाण्याचा वेग कमी झाला. जाहिरातीतला थेंब आणि बाण मात्र तसेच राहिले. लिटरेचर रिव्ह्यू करताना ब्रोशर न वाचता पेटंट वाचायचं ते यासाठी. पेटंटमध्ये आधीच्या मालात काय बिघडलं होतं हे लिहावंच लागतं, कारण त्याशिवाय नव्याची गरज पटवता येत नाही.

मेंब्रेनच्या बाहेर अजून एक कापड असतं, आणि त्यावर पाणी झटकणारा लेप. नवं जॅकेट असताना थेंब घरंगळतात ते या लेपामुळे. लेप झिजला किंवा मळला की बाहेरचं कापड भिजून बसतं. मेंब्रेन अजूनही पाणी अडवत असतं, पण त्याच्यावर गार पाण्याचं पांघरूण पडलेलं असल्याने आतली वाफ बाहेर जायला वावच राहत नाही. ती आतच थंड होऊन पाणी बनते. सायकलवाला हात आत घालतो, ओलं लागतं, आणि म्हणतो, "गळतंय." बहुतेक वेळा ते त्याचंच पाणी असतं.

म्हणून 'महाग जॅकेट आहे, धुऊ नका' हा सल्ला उलटा आहे. धुवायचं. चेन बंद करून, सौम्य द्रव साबण बेताने घालून, आणि भरपूर पाण्याने खळबळून, कारण राहिलेला साबण स्पर्शकोन उतरवतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो कापडावर थर ठेवूनच काम करतो. ब्लीचही नको. वाळल्यावर लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरची मंद उष्णता किंवा वरून कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. उष्णतेने लेपाचे रेणू पुन्हा नीट उभे राहतात. मग नळाखाली धरून बघा. थेंब घरंगळले तर ठीक, नाहीतर बाजारात मिळणारा लेप नव्याने लावा. ओलं जॅकेट गुंडाळून बॅगेत आठवडाभर ठेवलं तर पॉलियुरेथेन खराब होतं आणि शिवणीवरची आतली टेप सुटायला लागते. ती सुटली की मग खरंच गळतं.

आता दुसरा आकडा, २०,००० ग्रॅम. म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत जाणारी वाफ. तासाला ८३३ ग्रॅम झाले. आपल्याला हवे होते ७५० च्या आसपास. जमलं की! नाही जमलं. हा आकडा बऱ्याचदा ज्या जपानी चाचणीतून येतो तिच्यात कापडाच्या एका बाजूला पाणी असतं आणि दुसऱ्या बाजूला ओलावा ओढून घेणारं पोटॅशियम ॲसिटेटचं द्रावण. पाठीमागे असं द्रावण घेऊन कोणी सायकल चालवत नाही. वाफ जाते ती आत-बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. त्वचेजवळ ३४ अंश आणि पूर्ण दमट हवा धरली तर आतला दाब ५.३ किलोपास्कल. इंग्लंडच्या १० अंशांच्या पावसात, ९० टक्के आर्द्रतेला, बाहेरचा दाब १.१. फरक ४.२. जुलैत रत्नागिरीला २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर बाहेरचा दाब ३.४. फरक जेमतेम १.९. म्हणजे तेच जॅकेट, तोच टॅग, पण कोकणात वाफ ढकलणारा जोर निम्म्याहून कमी. आकड्यामागची हवा कुठली होती, हे टॅग सांगत नाही.

त्यामुळे निवड करताना माझं मत असं आहे. मुंबई-कोकणात सपाटीवर, तासाभराच्या अंतरासाठी, मेंब्रेनचं महाग जॅकेट घेण्यात अर्थ नाही. पाऊस कोमट आहे. भिजा, किंवा केप घ्या. पुण्याहून घाट उतरणार असाल किंवा २००-३०० किलोमीटरची बीआरएम रात्रभर करणार असाल तर मात्र घ्या, कारण भिजलेल्या अंगावर उताराचा वारा हुडहुडी भरवतो. अशा वेळी ब्रिदेबलच्या आकड्यापेक्षा काखेतली चेन बघा, पुढची दोन्हीकडून उघडणारी चेन बघा. मागे कमरेखाली येणारा लांब पल्ला आणि हात पुढे ताणल्यावरही मनगटापर्यंत पोचणारी बाही हवी. खेळती हवा आजही कुठल्याही मेंब्रेनपेक्षा जास्त घाम नेते. केप आणि इरलं वापरणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

पाणी आणि तेल दोन्ही झटकणारा तो लेप बरीच वर्षं फ्लुओरिनच्या लांब साखळ्यांचा असायचा. आणि टेफ्लॉन बनवताना पीएफओए, म्हणजे सी-८, वापरलं जायचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ड्यूपॉन्टच्या कारखान्याभोवती ते पिण्याच्या पाण्यात उतरलं. तिथल्या सुमारे ६९,००० लोकांची रक्ततपासणी झाली आणि शास्त्रज्ञांच्या पॅनेलने मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध असल्याचं सांगितलं. २०१९ मध्ये पीएफओए स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. ज्या गुणामुळे हे रेणू पाण्याला आणि तेलाला दाद देत नाहीत, त्याच गुणामुळे ते निसर्गात मोडत नाहीत.

ही गोष्ट आपल्यापर्यंत येते ती इटलीमार्गे. त्रिस्सिनो गावात १९६० च्या दशकात मार्झोत्तो या कापड उद्योगसमूहाने संशोधन केंद्र काढलं, कापड वॉटरप्रूफ करणाऱ्या फ्लुओरिन रसायनांसाठी. त्याचाच पुढे मितेनी हा कारखाना झाला. २०१३ मध्ये तिथलं भूजल दूषित असल्याचं उघड झालं, साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या परिसराचा प्रश्न होता. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली, आणि जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने तिच्या ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. कारखान्याची यंत्रसामग्री मात्र २०१९ मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजने विकत घेतली आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम एमआयडीसीत. मुंबई-गोवा महामार्गावरून सायकलने कोकणात उतरलात तर तुम्ही तिथूनच जाता. ज्यांचा विषय पर्यावरण रसायनशास्त्र आहे आणि अजून टॉपिक ठरलेला नाही, त्यांनी तिथल्या विहिरींच्या आणि वाशिष्ठीच्या पाण्याची आधाररेषा कोणी मोजली आहे का, हे शोधायला हरकत नाही. नंतर तुलना करायला आधीचा आकडा लागतो.

आता बाजारात फ्लुओरिनमुक्त लेपाची जॅकेटं येत आहेत. गोरनेही २०२२ पासून पॉलिएथिलीनचं मेंब्रेन आणलं. फ्लुओरिन नसलेला लेप पाणी झटकतो, पण तेल झटकत नाही. चेनचं ग्रीस, सनस्क्रीन, मानेचं तेल त्यावर पटकन बसतं, म्हणजे १९८० च्या आधीचं दुखणं बाहेरच्या थरावर परत आलं. असं जॅकेट घेतलंत तर ते जुन्यापेक्षा जास्त वेळा धुवावं लागेल. पावसाळ्यात चार-पाच राइड झाल्या की एकदा.